गयाक्काची चंची

परवा बारामतीला एका लग्नात जेवायच्या रांगेत उभी होते. माझ्या पुढं एक अनोळखी बाई. अंगावर भरजरी साडी, अंबाड्यात गजरा, आणि कमरेला लोंबत होती खणाची एक चंची. जुन्या बायका पान-सुपारीला वापरायच्या तसली, पण जरा लांबट. तेवढ्यात चंचीतला फोन वाजला. बाईनं नाडी सोडली, फोन काढला, आणि कानाला न चिकटवता तोंडापुढं लांब धरून बोलायला लागली. मी ताट घ्यायचंच विसरले. चंचीच्या तोंडाला दुहेरी नाडी होती आणि अंगाकडच्या बाजूला आतून गोधडीसारखा जाड थर दिलेला. शिवणारीचा हात दुसरा होता, पण बेत आमचाच.

"कुठनं घेतली ओ ही?" मी विचारलं.

"नणंदेनं दिली. ती नरसिंहपूरला देवाला गेलती, तितं कुणाकडं तरी बघितली आन् शिवून आणली. का ओ?"

"काय न्हाय. चांगली हाय."

माझा ऊर असा भरून आला की मागची पोरगी म्हणाली, "मावशी, सरका की पुढं, भात संपंल." त्या बाईला काय ठाऊक, तिच्या कमरेला आमची गयाक्का लोंबतीय म्हणून! तवापासून मनात आहे, की आक्काविषयी चार शब्द लिहायचे. लिहिलं नाही तर चंची राहील आणि बाई विसरून जातील लोक.

गयाक्का माझी थोरली जाऊ. इंदापूरच्या वाटेला आमची वस्ती आहे, मागं ऊस, पुढं भेंडी नाहीतर टोमॅटो, आणि मधी आमची सात-आठ घरं. माझ्या आणि तिच्या घरात एकच भिंत. तिच्या पडवीत शिलाई मशीन होतं आणि आख्ख्या वस्तीची पोलकी तिच्या हातची. उंच, काटकुळी, गळ्यात सदा मापाची पट्टी, तोंडात टाचण्या. टाचण्या तोंडात धरूनच बोलायची. नवी सून पहिल्यांदा आली की घाबरायची, ही बाई टाचणी गिळती का काय! आणि आवाज म्हणाल तर, ती पडवीत बोलली की माझ्या चुलीपाशी ऐकू यायचं. मला कधीही "इंदे" याशिवाय हाक मारली नाही. मला नातवंडं झाली तरी इंदेच.

गरीब स्वभाव वगैरे काही नव्हता हो तिचा. भांडायची. चहात साखर कमी पडली तर दुसऱ्याच्या घरीसुद्धा सांगायची. आपलं काम चांगलं आहे हे तिला पक्कं माहीत होतं. कुणी म्हणालं, आक्का पोलकं बरं झालंय, तर म्हणायची, "बरं? बरं न्हाय, चांगलं झालंय. आरशात बघ जरा."

आता मूळ गोष्टीवर येते. फोन आले तशी आमच्या बायकांची एक पंचाईत झाली. पुरुषांना खिसा असतो. आमाला कुठला? हातात धरावा तर हातात खुरपं. मग काय, बायकांनी फोन खुशाल पोलक्यात खुपसायला सुरुवात केली. जिथं नोट ठेवायची तिथंच फोन. पण नोट राहते, फोन घसरतो. म्हणून बायका आक्काकडं यायच्या आणि हळूच म्हणायच्या, "आक्का, आतनं एक कप्पा लावा की. डाव्या अंगाला." आक्का लावून द्यायची. असा बेमालूम लावायची की बाहेरून सुरकुतीसुद्धा दिसायची नाही. तिचा आतला कप्पा म्हणजे नावाजलेली गोष्ट होती. कोऱ्हाळ्यावरून बायका यायच्या तेवढ्यासाठी.

एका उन्हाळ्यात शकू भेंडी तोडत होती. शकू म्हणजे आमच्या पलीकडच्या घरची, दांडगी कामाची. फोन आतल्या कप्प्यात. फोन जुना, त्यातली बॅटरी कुठं तरी बाजारात बदललेली. ऊन म्हणजे आग. घामानं पोलकं चिंब. सकाळपासून फोन गरम लागतोय म्हणत होती, पण काढून ठेवणार कुठं, रानात? दुपारी एकदम किंचाळली आणि फोन काढून सरीत फेकला. बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली. छातीवर फोनच्या कोपऱ्याएवढा लालभडक चट्टा.

शकूला पडवीत आणलं. आक्कानं पोलक्याचं बटण काढलं, चट्टा बघितला, आणि मग कप्पा बघितला. आपणच शिवलेला. गार पाण्याची घडी ठेवली, शकूला दवाखान्यात धाडलं. आणि दुसऱ्या दिवशी बारीक कात्री घेऊन घरोघर हिंडायला लागली.

"तुझी पोलकी काढ. सगळी."

"का ओ आक्का?"

"माझं काम वाईट झालंय. उसवायचंय."

आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकलं आमी, माझं काम वाईट झालंय. प्रत्येकीच्या ट्रंकेतनं पोलकी काढून, वसरीला बसून, तिनं आपले कप्पे आपल्या हातानं उसवले. एक पैसा घेतला नाही. सगळ्यांनी उसवून घेतले, एक हौसाबाई सोडून. हौसाबाई म्हणजे वस्तीच्या टोकाच्या घरची, बोलायला आक्काच्या तोडीस तोड. तिनं दारातच सांगितलं, "माझं पोलकं, माझा कप्पा, माझा फोन. तुमची कात्री न्या माघारी."

आक्का माघारी आली. पण ध्यानात ठेवलं तिनं. एक कप्पा राहिलाय.

मग चंची सुरू झाली. आक्कानं उरलेल्या खणाच्या तुकड्यांची लांबट पिशवी शिवली, मागं जुन्या लुगड्याचे पदर घालून जाड केली, आणि नाडी परकराच्या कमरेला अडकवायची सोय केली. पिशवी अंगाबाहेर लोंबणार, चिकटणार नाही. पहिल्यांदा बायका हसल्या. "आक्का, आता तंबाखू पण खायची का?" पण घाम लागेना, फोन पडेना, तशी एकेकीनं मागून नेली.

आक्काला एक गोष्ट कळली की ती मुळापर्यंत जायची. इंदापूरला मोबाईलच्या दुकानात गेली आणि काउंटरवर कोपर टेकून उभी राहिली. "मला विकत काय घ्यायचं न्हाय. ह्या फोनमधनं काय बाहीर पडतं, त्येवढं सांगा." दुकानदार भला माणूस. गिऱ्हाईक नव्हतं, त्यानं समजावून सांगितलं. फोनमधनं लहरी निघतात म्हणाला. त्या किती अंगात शिरतात त्याचा एक आकडा असतो, आपल्या देशात तो एक पूर्णांक सहाच्या वर चालत नाही. आणि फोनवर नंबर लावतात तशी पाच बटणं दाबून तो आकडा कसा बघायचा तेही त्यानं तिला दाखवलं.

झालं! आक्काला खेळणंच मिळालं. स्टार आणि हॅश हे शब्द तिला पसंत नव्हते. ती म्हणायची, "चांदणी, जाळी, शून्य, सात, जाळी." पाहुणा आला, चहा व्हायच्या आत ही म्हणणार, "बघू तुमचा फोन." मग चांदणी, जाळी करून आकडा काढणार, चष्मा वर करून बघणार आणि निकाल देणार, "हाय, आत हाय. घ्या चहा." माझ्या धाकट्याला बघायला मुलीकडची मंडळी आली होती, तर होणाऱ्या व्याह्यांचासुद्धा फोन तपासला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. व्याही मात्र खूष. आजही विचारतात, आमचा आकडा काढणाऱ्या बाई कुठं हायत?

दुकानदारानं आणखी एक सांगितलं होतं. रेंज कमी असली की फोनला जास्त जोर लावावा लागतो, तवा लहरीही जास्त. आमच्या वस्तीवर ऊस वाढला की रेंजची एकच काडी दिसते. आणि आमची माणसं काय करणार, जितकं कमी ऐकू येईल तितका फोन कानात घुसवणार आणि ओरडणार. आक्कानं नियम काढला, की एक काडी असली तर घरातनं बोलायचं नाही, कालव्याच्या पुलावर जायचं. तिथं रेंज पूर्ण येते. संध्याकाळी पुलाच्या कठड्यावर वस्तीतल्या बायका ओळीनं बसलेल्या, प्रत्येकीचा फोन समोर धरलेला. रस्त्यानं जाणारे ट्रॅक्टरवाले बघत जायचे.

आणि किती लांब धरायचा? तिचं माप ठरलेलं. अंगठा आणि करंगळी ताणून पंजा फोन आणि तोंडाच्या मधी धरायची आणि म्हणायची, "वीतभर. शिलाईत आत कापडाची माया सोडतो का न्हाय आपण, तशी ही जागा सोडायची."

ती स्वतः नेहमी स्पीकरवर बोलायची. फोन पडवीच्या खुंटीला टांगलेला, ही मशीनवर, आणि मधी सगळं रामायण. आख्ख्या वस्तीला तिच्या माहेरची भांडणं तोंडपाठ. एकदा तिची बहीण फोनवर म्हणाली, "तुझी ती धाकटी जाऊ लई आतल्या गाठीची हाय बघ, काय सांगत न्हाय." मी चुलीपाशी भाकरी थापत होते. तिथनंच ओरडले, "सांगते की! काय इचारायचंय?" पलीकडनं फोनच बंद झाला. आक्का हसून हसून मशीनवर आडवी झाली. "इंदे, लहरी अंगात शिरल्या न्हायत, पर बोलणं शिरलं गं सगळ्यांच्या घरात!"

एक मात्र होतं. माहीत नसलेलं ती कधी माहीत आहे म्हणून सांगायची नाही. बारामतीचा एक दुकानदार चंच्या बघून आला. म्हणाला, आक्का, मी ह्या विकतो, फक्त वर छापायचं, रेडिएशन अडवणारी पिशवी. आक्कानं चंची हातात घेतली, त्याच्या नाकापुढं धरली. "ह्यातनं उजेड दिसतोय का?"

"दिसतोय."

"मग लहरी कशा अडतील? फडकं हाय ते. लांब ठिवतं, घाम लागू देत न्हाय, बास. खोटं छापायचं आसंल तर तुमच्या शर्टावर छापा."

तो माणूस गेला तो गेलाच. मला वाटलं, एवढं चांगलं गिऱ्हाईक घालवलं. आज वाटतं, बरं केलं. तिच्या शब्दाला जे वजन होतं ते असल्या गोष्टींमुळं होतं.

आणि त्याच वजनाखाली एकदा एक पोर सापडली.

हौसाबाईची सून सोनाली. लोणी भापकरची. माहेरी आई एकटी, वडील नाहीत, भाऊ नाही. सोनाली रोज संध्याकाळी पुलावर जाऊन आईशी बोलायची. आमच्या सगळ्यांच्या देखत, हसत, मधी मधी डोळे पुसत. तिला दिवस गेले. हौसाबाईनं फोनवरच एक व्हिडिओ बघितला, की पोटातल्या बाळाला फोनच्या लहरी बाधतात. झालं, सुनेचा फोन काढून घेतला आणि कपाटात घालून किल्ली कमरेला लावली. नवरा कारखान्यात पाळीवर, आईपुढं तोंड उघडणारा नव्हे. त्यात सोनालीच्या आईचा पाय घसरून हात मोडला. म्हणजे बाळंतपणालाही माहेरी जायचं नाही आणि आईची खबरही कळायची नाही. हौसाबाईच्या फोनवरनं कधी तरी दोन शब्द, ते पण सासू शेजारी उभी असताना.

सातवा लागला तशी सोनाली पोलकं सैल करून घ्यायला आक्काकडं आली. मी तिथंच शेंगा सोलत बसले होते. आक्का माप घेता घेता म्हणाली, "काय गं, हल्ली पुलावर दिसत न्हाईस?"

सोनाली म्हणाली, "आक्का, तुमच्या नावानं माझा फोन गेला."

"माझ्या नावानं?"

"आत्याबाई म्हणत्यात, ती गया येवढी कानीकपाळी ओरडतीय ते काय उगंच व्हय? आता आईचा हात बसला का न्हाय, ती जेवली का न्हाय, कायच कळत न्हाय मला."

आक्कानं तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीला टोचल्या. मी तिला इतक्या वर्षांत टाचण्या काढून बोलताना फार वेळा बघितलं नव्हतं.

"तपासायला कवा जायचंय तुला?"

"उद्या."

"मी येती."

दुसऱ्या दिवशी ही सोनालीबरोबर आरोग्य केंद्रात. डॉक्टरीणबाई तरुण, पण शांतपणे ऐकून घेणाऱ्या. आक्कानं सरळ विचारलं, "बाई, फोननं पोटातल्या बाळाला काय हुतं का? खरं सांगा, भ्यायला घालू नका आन् थापाबी मारू नका."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अपाय होतो असं आजवर पक्कं सिद्ध झालेलं नाही, आक्का. अभ्यास चालू आहेत. काळजी म्हणून पोटापासून लांब ठेवा, फार वेळ बोलू नका, तारेचे इअरफोन लावा. पण फोन काढून कशाला घ्यायचा? या दिवसांत तर फोन हाताशी पाहिजे. घरात कुणी नसताना दुखायला लागलं तर ही काय करणार?"

घरी आल्यावर आक्का मला म्हणाली, "इंदे, माझं बोलणं अर्धं वापरलंय बघ तिनं. लांब धरा म्हणलं मी. कुलपात घाला कुठं म्हणलं?"

"मग जा आन् सांग की हौसाबाईला."

"तिला एकटीला सांगून ऐकंल का? दारातनं कात्री माघारी धाडणारी बाई ती. आन् माझ्या नावानं सगळ्यांच्या देखत झालंय, तर सगळ्यांच्या देखतच निस्तरायला पायजे."

डोहाळजेवण जवळ आलं होतं. हौसाबाईनं थाटात केलं, त्यात कसर नाही. झोपाळा फुलांनी सजवला, सोनालीला हिरवी साडी, फुलांचे दागिने. वस्तीतल्या सगळ्या बायका जमल्या. सोनालीची आईही आली होती, हात गळ्यातल्या झोळीत, कोपऱ्यात अवघडून बसलेली. लेकीकडं नुसती बघत होती. हौसाबाईची स्वतःची लेक मनीषा मात्र नव्हती. तिचे सासरे आजारी, इंदापूरवरून निघता आलं नाही.

ओट्या भरून झाल्या. बायका उठायला लागल्या तशी आक्का म्हणाली, "बसा गं, घाई काय! डोहाळे कुठं झालेत गाऊन?" आणि स्वतःच गायला लागली. मी दचकले. आक्काला गाता येत नव्हतं. येत नव्हतं म्हणजे, तिचं गाणं ऐकून कुत्री उठून जायची. एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पार्वताआत्या, वस्तीतली सगळ्यांत म्हातारी, म्हणाली, "गये, पोरीला आत्ताच कळा यायच्या, बास कर." आक्का थांबेना. माझ्या ध्यानात आलं, हिचा डोळा भिंतीवरच्या घड्याळाकडं आहे.

हौसाबाई सुनेच्या अंगावर वाकून तिच्या केसातला गजरा नीट करत होती. आणि तेवढ्यात तिच्या छातीतनं मोठ्यांदा भजन सुरू झालं.

फोन! मनीषाचा. सासरे दुपारचे झोपले की मनीषा रोज आईला फोन करायची, ते आख्ख्या वस्तीला माहीत. सगळ्यांना माहीत असून कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आक्काच्या तेवढं आलं.

आक्का गायची थांबली. भजन चालूच. हौसाबाई पदर दाबून उभी, जसं काही दाबलं की बंद होणार आहे.

"घ्या की फोन, हौसाबाई. लेकीचा हाय."

"मागनं घीन."

"आत्ता घ्या. तिला तितं वाटंल, आईनं का उचलला न्हाय. हिकडं सोहळा, ती एकटी तिकडं. जीव लागून राहिला आसंल पोरीचा."

हौसाबाईनं भिंतीकडं तोंड केलं, पोलक्यात हात घातला, फोन काढला. "हां, मनू... व्हय, झालं गं समदं... न्हाय, झालं चांगलं..." आवाज एकदम बारीक. पार्वताआत्या म्हणाली, "अगं बया, सुनंच्या पोटाला लहरी लागत्यात म्हणून ओरडत हुतीस, आन् तुझ्या गळ्यात देऊळ वाजतंय!"

जी हसाहशी झाली! हौसाबाईचा चेहरा लाल. आणि तवा आक्कानं जे केलं ना, त्यासाठी मी हे सगळं लिहितेय.

ती उठून हौसाबाईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "हसताय काय गं? त्यो कप्पा मी शिवलाय. हसायचं तर मला हसा. आन् फोन लांब ठिवा, लांब ठिवा म्हणून ओरडत मीच फिरले, डॉक्टरला न इचारता. आता इचारून आले. पोटापासनं लांब ठिवायचा, तारा लावून बोलायचं, थोडं बोलायचं. पर बोलायचं. फोन हाताशी ठिवायचा. हे पुरं ऐका समद्यांनी, अर्धं ऐकून जाऊ नका. माझ्या नावानं पुन्हा कुणाचा फोन कपाटात गेला, तर मी कपाट घिऊन येईन."

मग पिशवीतनं दोन चंच्या काढल्या. एक हिरव्या खणाची, सोनालीची, आत तारेचे इअरफोन. ती तिच्या ओटीत घातली. दुसरी इरकली काठाची. तो काठ हौसाबाईच्या आवडत्या लुगड्याचा, कवा तरी पोलक्यातनं उरलेला. आक्कानं जपून ठेवला होता. ती हौसाबाईच्या हातात दिली आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू, म्हणजे आक्काच्या मानानं हळू, म्हणाली, "येवढा एक कप्पा राहिलाय माझा. उसवू द्या आता."

हौसाबाई काठावरनं बोट फिरवत उभी राहिली. नजर कोपऱ्यातल्या विहिणीकडं गेली, तिच्या झोळीतल्या हाताकडं. मग कमरेची किल्ली काढली, आत गेली. कपाटाचा आवाज आला. बाहेर येऊन सुनेच्या हातात फोन ठेवला आणि म्हणाली, "उशाला घिऊन झोपायचा न्हाय. आधीच सांगती."

"आता कशी बोललात!" आक्का म्हणाली.

सोनालीची आई उठली आणि धडधाकट हातानं आक्काचा हात धरला. धरूनच राहिली. आक्काला असलं काही झेपायचं नाही. "हात कवा मोकळा करणार म्हणाले डॉक्टर? पोलकं शिवून देती, एका हातानं घालता येईल असलं," म्हणाली आणि माप घ्यायला लागली.

दुसऱ्या दिवसापासनं सोनाली पुलावर. चंची कठड्यावर ठेवलेली, कानात तारा, आणि हसत हसत बोलतेय. कुणाला कळत नव्हतं काय बोलतेय ते, आणि तेच बरं होतं. आक्का कबूल झाली, की सुनंला स्पीकरचा सल्ला काही कामाचा नव्हता. "मी म्हातारी, मला लपवायला काय हाय. पोरीला आईशी बोलायला आडोसा लागतो," म्हणाली.

पुढं कळा सुरू झाल्या तवा सोनाली घरात एकटीच होती. हौसाबाई भेंडीत. सोनालीनं पहिला फोन तिलाच लावला. हौसाबाई आजही सांगते, "नवऱ्याला न्हाय, आईला न्हाय, पहिला फोन मला!" कमरेला इरकली चंची आणि मान अशी ताठ. मुलगी झाली. सुखरूप.

आक्काच्या डोळ्यांत नंतर मोतीबिंदू पिकला. सुईत दोरा ओवता येईना. लेकीनं ठरवलं, आईला आपल्याकडं न्यायची, डोळे करायचे, मग बघू. तिला एसटीत बसवायला मी गेले, आणि सोनालीही आली, लेक काखेत, कमरेला हिरवी चंची. आक्का खिडकीपाशी बसली. तिच्या शेजारी कॉलेजची एक पोरगी, फोन कान आणि खांदा यांच्या मधी चेपून बोलत होती.

गाडी सुरू झाली तरी आक्काचं चालूच होतं. "इंदे, मशीनला तेल घाल! सोने, आईला केलास का फोन?"

"केला, आक्का!"

"काय म्हणती?"

"हात बरा हाय म्हणती!"

आक्कानं मान डोलावली. मग शेजारी वळली. काचेतनं मला दिसलं, तिनं त्या पोरीच्या खांद्यावर हात ठेवला, काही तरी म्हणाली, आणि अंगठा-करंगळी ताणून पंजा तिच्या कानापाशी धरला. पोरगी आधी बावरली, मग हसली. फोन कानावरनं काढून तिनं आक्काच्या हातात दिला. आक्कानं चष्मा वर केला आणि बोट फोनवर फिरवायला लागली. आवाज येत नव्हता, पण ओठ दिसत होते. चांदणी, जाळी, शून्य, सात, जाळी.

डोळे चांगले झाले, पण आक्का माघारी आली नाही. हृदयानं दगा दिला, तिकडंच गेली. मी तिला शेवटची बघितली ती त्या दिवशी, एसटी रस्त्याच्या मोरीवरनं वळताना. खिडकीतनं हात बाहेर आला. बाकीची माणसं हात हलवत होती. हिचा पंजा ताणलेला, स्थिर, वीतभर. माझ्या शेजारी सोनालीनंही तसाच हात वर केला, आणि तिच्या काखेतल्या पोरीनं आईचं बघून आपला इवलासा.